पाळण्यातलं खरबूज

चि. नेमतजान यास,

सानोबरआपाचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? ताश्कंदच्या थंडीत लोकरी मोजे घालतोस ना? इकडे मी, सून मुखय्यो आणि कोंबड्या खुशाल आहोत.

तुझं बालपण अखेर दुरुस्त होऊन लोकांसाठी खुलं झालं. (घर म्हणायचं होतं मला.) शेळी बांधायचो त्या जागी तुझं लिहायचं टेबल मांडलंय. मी सांगितलं, हा तंदूरमागे पालथा पडून लिहायचा आणि नान जाळायचा. पण संग्रहालयाच्या संचालकाला, शेरमतला, खरं ऐकायची हौस नाही. मी मात्र रोज सकाळी उत्सुकतेनं कुलूप उघडते, आज तुझं आणखी काय निघतंय म्हणून. काल व्हायोलिन निघालं. कधी वाजवायचास रे?

खरी वस्तू एकच, आपला पाळणा. शेरमतनं तो माझ्या माळ्यावरून नेऊन खिडकीशी ठेवला, आणि येणारा प्रत्येक जण त्याला झोका देतो. रिकाम्या पाळण्याला! मुखय्योनं ते पाहिलं आणि त्या दिवशी ती जेवलीच नाही. (असल्या समजुतींची तू पुस्तकांतून किती टर उडवतोस ते ठाऊक आहे. मीही मानत नाही.) म्हणून मी एक हिवाळी खरबूज दुपट्यात गुंडाळून आत निजवलं, पट्टे बांधले, वर पांघरूण घातलं. आठवडाभर पाहुणे कुजबुजत बोलत होते. मग तुमच्या ताश्कंदच्या एका प्राध्यापिकाबाईंनी बाळ बघायला पांघरूण उचललं.

"खाला, हे संग्रहालय आहे, मंडई नाही!" शेरमत माझ्यावर ओरडला.

"मग तुझ्या पाहुण्यांचे हात आवर की, मेल्या!"

पण माणूस हुशार. बाईंकडे वळून म्हणाला, लेखकाच्या आई शेतावर जाताना पाळणा रिकामा राहू नये म्हणून खरबूज ठेवत. बाईंचे डोळे भरून आले. आता शाळेच्या सहलींनाही हेच सांगतात.

मामांना सलाम सांग.

तुझी,
सानोबरआपा

ता. क. मुखय्योला दिवस गेलेत. नऊ वर्षांनी, नेमत. आपल्या घरातलं प्रत्येक मूल त्याच पाळण्यात वाढलं, हेही त्यातच निजावं असं मला फार वाटतं. शेरमत म्हणतो, लेखकाची वस्तू हलणार नाही. तेव्हा पाळणा तुझा नव्हताच, असं त्याला लिहून पाठव. जन्मभर खोटं लिहून नाव कमावलंस, एक खोटं आपासाठी लिही.

ता. क. २ : लवकर लिही. खरबुजाला वास सुटू लागलाय.