उरल्यासुरल्या चीजचा फ्रिको

मंगळवार, ७ नोव्हेंबर

लेकीचा, मिर्काचा फोन. रविवारी उदिनेहून जेवायला येते म्हणाली. मग विचारलं — वरच्या खोलीतला पलंग आहे का अजून? छप्पर गळतं का?

पलंगाशी काय करायचंय हिला? घर विकायचंय, दुसरं काय! तिची आई आल्दा गेल्यापासून पोरगी मला शहरात न्यायच्या मागे आहे. तुम्ही एकटे खाता तरी काय, हेच तिचं पालुपद. जावयाच्या घरी चौथ्या मजल्यावर बसून समोरच्यांची खिडकी बघत राहायचं? जमायचं नाही.

रविवारी फ्रिको करून घालतो. तिची आई करायची तसा. मग बोल म्हणावं.

बुधवार

आल्दानं मला कधी चुलीकडे फिरकू दिलं नाही. पण बघितलं तर आहे — कांद्यावर किसलेला बटाटा परतायचा, चीज घालायचं, खालून खरपूस झालं की ताटलीवर उलटायचं. तळघरातलं जुनं चीज घेतलं. त्याला इतकं तूप सुटलं की बटाटे पोहायला लागले. वर मीठही घातलं होतं! कुत्र्यानंसुद्धा तोंड फिरवलं.

शुक्रवार

आज डेअरीतून कोवळं चीज आणलं, अख्खं. पोरीसाठी हात कशाला आखडायचा? झालं रबर. उलटताना अर्धं चुलीवर सांडलं.

जळका वास आला म्हणून शेजारची निवेस धावत आली. खिडक्या उघडल्या आणि हसत सुटली. म्हणाली, फ्रिकोला कोणी नवं चीज कापतं का! आल्दा आठवडाभर कडा, तुकडे, वाळकी टोकं एका वाडग्यात टाकायची. जुनं चव देतं, कोवळं धरून ठेवतं. तो वाडगा मी रोज बघायचो. मला वाटायचं, कोंबड्यांसाठी असेल.

"मी करून देते रविवारी. तू केलास म्हणून सांग."

नको म्हटलं. तरातरा निघून गेली. उगाच तोडून बोललो.

संध्याकाळी दारात वाडगा. तिच्या घरचे तुकडे, जुने आणि कोवळे.

शनिवार

पुन्हा मिर्का. शेगडीची ऊब वरच्या खोलीत पोचते का? गिऱ्हाइकाला सांगायचं असणार! फोन आपटला.

दिवसभर येरझाऱ्या. गरज नसताना लाकडं फोडली. आल्दा म्हणाली असती, बस की जरा एका जागी. आज तिची फार आठवण येते.

रविवार, दुपार

उलटला! अख्खा, कुठे न तुटता!

मिर्कानं मक्याच्या पिठाच्या पोलेंताबरोबर दोनदा घेतला. मग ताटलीला चिकटलेली कड काट्यानं खरवडत बसली. शेवटी मीच म्हणालो, "हे बघ, मी माझं करून खातो. इथून हलणार नाही. घर विकायचं नाही."

ती उठून बाहेर गाडीकडे गेली. रागावली असेल तर रागावू दे.

रविवार, संध्याकाळ

गाडीत खोकी होती. नवऱ्याचं घर सोडून आली आहे. दारात उभं राहून विचारते, "बाबा, मी इथे राहू का?" स्वतःच्याच घरात! मी पलंग झटकून दिला. आता ती चीज कापते आहे. कड तिनं वाडग्यात टाकली.