खाडीच्या बर्फावर भरवसा न ठेवण्याबाबत

मी तुकुमेक, ओडाकची आई, वय एकाहत्तर, राहणार नुनाक्कात या गावी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दम लागतो, पण डोकं ठिकाणावर आहे.

घर माझी सून इनालुक हिला द्यावं. खालची जमीन आमच्याकडे कोणाच्याच मालकीची नसते. गोठलेली ती जमीन आता विरघळते आहे आणि समुद्राकडचा कोपरा खचला आहे. तिने त्या बाजूच्या खोलीत झोपू नये.

कातडी सोलायची माझी सुरी आणि वाळवलेलं सीलचं मांस तिलाच. उरलेली कुत्रीही. पोसणं जमलं नाही तर गोळी घालावी, उपाशी मारू नयेत.

ओडाकची स्लेज, कुत्र्यांनी ओढायची बर्फगाडी, कोणालाही नाही. फोडून जाळावी. तो बुडाला त्या मार्चमध्ये माझ्या मुलाचं काहीही चुकलं नव्हतं. बर्फ पांढरा होता, भाल्याने टोचून पाहिला तर पाणी वर आलं नाही, कुत्री बिचकली नाहीत. मागच्या स्लेजवरून इनालुकने हे डोळ्यांनी पाहिलं. वाडवडिलांनी सांगितलेल्या खुणा जागच्या जागी होत्या. बर्फ खालून कोमट पाण्याने पोखरला होता, तो फुटला. स्लेज हाती लागली, ओडाक सापडला नाही.

त्याला बर्फ ओळखायला शिकवलं माझा दीर इमिना याने. ओडाकसाठीच्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर तोच म्हणाला, "पोराचं लक्ष नव्हतं." त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला काहीही मिळू नये असं इथे लिहिणार होते. तसंच लिहिते, पण कारण बदललं आहे.

गेल्या वसंतात तो दाराशी आला. आत येईना.

"वहिनी, आज काठावरूनच परत फिरलो."

"का? म्हातारा झालास?"

"बर्फ चांगला दिसत होता, म्हणून." मग खाली बघत म्हणाला, "ओडाकलाही असाच दिसला असणार. मीच शिकवलेला ना तो."

मी चहा दिला. तो त्याने उंबऱ्यावरच बसून घेतला.

मुलांना बर्फाची सगळी नावं शिकवावीत. त्या नावांच्या भरवशावर कोणाला खाडीवर पाठवू नये.

चर्चमधली आबेलोने सांगते, साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही. म्हणून इमिनाला काही नाही. ओडाकची चूक नव्हती, या शब्दांखाली मला त्याची सही हवी आहे.

सही: तुकुमेक
साक्षीदार: आबेलोने
साक्षीदार: इमिना, ओडाकचा काका

नुनाक्कात, ९ डिसेंबर. खाडी अजून गोठलेली नाही.