उद्योजक घडवताना

२६ फेब्रुवारी
मुख्याध्यापिका पेर्लाबाईंनी बोलावलं. इतिहासाचे तास कमी झाले. नववीला 'उद्योजकता' शिकवायची आणि त्यासाठी शिक्षकांचा ऑनलाइन कोर्स करायचा, 'आयुष्यभर शिकत राहण्याची कौशल्यं'. मी म्हटलं, मी जन्मजात विद्यार्थी आहे. बाईंनी पुढची फाइल उघडली. छाप पडली असावी.
बायको नीदिया अजून राजधानीत, आसुन्सिओनला तिच्या बहिणीकडेच. नाताळनंतर चार दिवसांसाठी म्हणून गेली होती. घर शांत. अभ्यासाला बरं.

४ मार्च
उद्यापासून पहाटे उठून कोर्स.

५ मार्च
उठलो नाही. थकलेला मेंदू शिकत नाही, असं कोर्सच्या पहिल्या पानावरच आहे. म्हणजे पहिलं पान झालं. वेग चांगला आहे.

१८ मार्च
वर्गातल्या मारियेला नावाच्या मुलीची आई चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, भाजते. मधल्या सुट्टीत विकू का, म्हणाली. सांगितलं, आधी आराखडा. तिनं विचारलं, सर, तुम्ही कधी काही विकलंय? वर्ग हसला. खेळीमेळी उद्योजकतेला पोषक.

२ एप्रिल
कोर्समधला प्रश्न: या आठवड्यात कोणाकडून काय शिकलात? दोनदा चहा केला. शेवटी लिहिलं, 'स्वतःकडून, बरंच काही.' हिरवी खूण आली.
नीदियाला फोन केला. कामात आहे म्हणाली. बहिणीचं घर मोठं, काम असणारच.

३० मे
शाळेचा मेळावा. शेजारच्या वर्गानं करंजीसारख्या तिखट एम्पनादा विकल्या, साबण विकले. आमच्या टेबलावर आराखडा, बोधचिन्ह आणि पुढल्या पाच वर्षांचा अंदाज. चिपा नव्हत्या, कारण 'जोखीम' हे प्रकरण राहिलं होतं. एका पालकानं विचारलं, तुम्ही काय विकता? पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, दृष्टी. तो एम्पनादा घ्यायला गेला.
आवरताना मारियेला म्हणाली, "सर, आई पहाटे उठून बसली होती. मीच तिला नको म्हटलं."
काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोधचिन्ह गुंडाळून ठेवलं.

१९ जून
पेर्लाबाई म्हणाल्या, यापुढे उद्योजकता भूगोलाचे सर घेतील. बरं म्हटलं. वाईट वाटेल म्हणून थोडा वेळ व्हरांड्यात थांबलो. वाटलं नाही.

२७ जून, शनिवार
कोर्सचं प्रमाणपत्र आलं. शेवटची प्रकरणं 'पुढे' दाबत गेलो की आपोआप होतात. नीदियाला लगेच कळवलं. छान म्हणाली. मग म्हणाली, दुपारी टेम्पो पाठवतेय, माझं शिलाई मशीन दे. बहिणीबरोबर दुकान काढलंय. मी समजावलं, घाई करू नकोस, आधी आराखडा कर.
"एलादिओ," ती म्हणाली, "दुकान मार्चपासून चालू आहे. मी तुला दोनदा सांगितलं."
टेम्पो आला. मशीन जड होतं. एक बाजू मी धरली. ड्रायव्हर म्हणाला, "पुढे जागा आहे, येताय का सोबत?"
सांगितलं, सोमवारी शाळा आहे.
टेम्पो वळून दिसेनासा झाल्यावर लक्षात आलं, सोमवारी आता मला एकही तास नाही.