भट्टीमागच्या विलोंबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, लाँड्रीच्या बॉयलरवरून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण नुसत्या माझ्या शब्दावर या घरात आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही.

१. राहते घर मुलाला, गळक्या मोरीसकट. ती दुरुस्त करतो असे तो सहा वर्षे म्हणतो आहे. आता स्वतःच्या घराची तरी करील.

२. विटांच्या बंद भट्टीमागची तीन एकर जमीन. वाटणीत मोठ्या दिरांनी विहिरीकडचा तुकडा स्वतःला ठेवला आणि राख, खडे, फुटक्या विटा उदार मनाने आम्हाला दिल्या. "घे, हवा भरपूर आहे," असे वर माझ्या नवऱ्याला म्हणाले.

तिथे मी विलोच्या काड्या रोवल्या. हे झाड भिकार जमिनीतही तग धरते. दर तीन वर्षांनी कापायचे, तुकडे करून बॉयलरमध्ये जाळायचे, खोड पुन्हा फुटते. हे लोकांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. पहिल्याच वर्षी झाडे माझ्या डोक्यावर गेली. रोपवाटिकावाल्याने बजावले होते, पानगळ झाली की एकदा सगळी जमिनीलगत छाटा, म्हणजे फुटवे धरतील. मी तीनदा कोयता घेऊन गेले आणि तीनदा तशीच परतले. हात धजेना.

झाडे बघून दिरांच्या पोटात दुखू लागले होतेच. मी मोतीबिंदूसाठी दवाखान्यात असताना त्यांनी सगळी कापून टाकली. एकूण एक, अगदी जमिनीलगत. मी बांधावर बसून रडले. रोपवाटिकावाला मात्र पोट धरून हसला. वसंतात एकेका खोडाला दहा-दहा फुटवे आले.

दिरांना हे मी कधी सांगितले नाही. झाडे चिवट निघाली, एवढेच त्यांना वाटते. नऊ वर्षे ते माझ्यासमोरून मान खाली घालून जातात, आणि मला ते बघायला आवडत आले आहे.

३. ही जमीन सुनेला. मुलाला झाडे उपटून तिथे गोदाम हवे आहे. सुनेला तुकडे करायचे यंत्र चालवता येते आणि नवऱ्याला नाही म्हणता येते. दुसरे जास्त कामाचे.

४. मुलाने बुलडोझर आणलाच, तर दिरांनी पुढे उभे राहावे. आडवे येण्याचा त्यांना दांडगा अनुभव आहे.

५. दिरांना काहीही नाही. त्यामुळे ते साक्षीदार म्हणून चालतात, असे वकीलबाई म्हणाल्या. कलम दोन त्यांना मी गेल्यावर कळावे, असा माझा बेत होता. वकीलबाईंनी विचारले, "मग त्यांनी बोलायचं कुणाशी, आजी?" मला लाज वाटली.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. दिनांक: १९ जानेवारी.

सही: (माझी)

साक्षीदार १: रोपवाटिकावाला.

साक्षीदार २: मोठे दीर. सहीआधी सगळे वाचले, कलम दोन दोनदा. "आधी का नाही सांगितलंस?" एवढेच म्हणाले. सही वाकडी आली आहे, ती ग्राह्य धरावी. त्यांना डोळे पुसायला वेळ द्यायचे मला सुचले नाही.