ओढ्याच्या मोजणीची वही

मी, खाली सही करणार, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पाणीहक्काची वकिली (आता बंद), हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना, शुद्धीवर असताना लिहीत आहे. हल्ली जेवणानंतर डुलकी लागते आणि त्या डुलकीत आमच्या जिन्यावरून पाणी सावकाश वाहत येताना दिसते, हे खरे. पण तेवढ्याने शुद्ध जात नाही, असे डॉक्टर म्हणतात. शिवाय सगळा मजकूर सकाळीच लिहिला आहे.

१. राहते घर माझ्यामागे पत्नीचे. ते तिनेच चालवले. मी कधी कोर्टात, कधी नदीवर. आणि घरी असलो तरी मनाने कुठल्यातरी कालव्याच्या काठाने चालत असायचो. मुलांना वाटायचे, बाबा ऐकताहेत. बाबा नुसते होला हो करत होते.

२. पाणी मोजायची रंगवलेली काठी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि कायद्याची पुस्तके मुलाला. तो विमानतळावर नोकरी करतो, त्याला यातले काहीच नको आहे, हे मला ठाऊक आहे. तरी घ्यावे. बूट निदान बागेत कामाला येतील.

३. माझी आरामखुर्ची धाकट्या भावाला देऊ नये. एकदा मागितली तेव्हा मी नाही म्हणालो, तर मी नाकाने कांदे सोलतो असे तो सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटला. खुर्ची माझ्या नेहमीच्या विरोधी वकिलांना द्यावी. उभ्या जन्मात त्यांनी माझे एक म्हणणे मान्य केले नाही. आता बसून विचार करावा.

४. माडीवरची पूर्वेची खोली मुलीची. एकोणीस वर्षे ती इथे राहत नाही, म्हणून तिचा हक्क बुडाला, असे मुलगा म्हणतो. आमच्या धंद्यात मात्र पाट अखंड वाहता ठेवला की हक्क राहतो. रोज सकाळी मी वर जाऊन तिची खिडकी उघडतो, चादर झटकतो आणि पलंगावर थोडा टेकतो. मग भिंत हळूहळू विरते आणि ती ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी दिसते, हातात काठी. मी काठावरून आकडा विचारतो, ती सांगते. खोलीची वहिवाट तिच्या वतीने मी चालू ठेवली आहे, याची मुलाने नोंद घ्यावी.

५. ओढ्याच्या पाण्याची ती मोजणी तिने कॉलेजच्या सुट्टीत माझ्यासाठी केली होती. मी ओढ्याच्या वरच्या अंगाच्या कारखान्याचा वकील होतो. वर पाणी अडवले तर उन्हाळ्यात आम्हाला थेंब मिळणार नाही, असे खालच्या वस्तीचे म्हणणे होते, आणि तिच्या वहीतले आकडे तेच सांगत होते. मी वही कोर्टात दाखल केली नाही. खटला जिंकलो, माझे नाव झाले, आणि दोन वर्षांत वस्तीचा ओढा आटला. वही कुठे आहे, असे तिने तेव्हा विचारले. हरवली, म्हणालो. माझे कपाट तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. वस्तीतल्या शाळेत शिकवायला म्हणून ती गेली, ती गेलीच. मला तिची फार आठवण येते. माझ्या मृत्यूनंतर वही तिला द्यावी आणि मी खोटे बोललो हे कळवावे.

कलम पाच मी आज खोडले असून समासात सही केली आहे. कारण असे की, हा कागद पत्नीला वाचून दाखवला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मेल्यावर खरं कोणीही बोलेल. तेव्हा तुम्हाला जाब कोण विचारणार आहे? तिला आजच सांगा."

मी उठून मुलीला फोन लावला. वही हरवली नव्हती, मी लपवली होती. उद्या ती घेऊन वस्तीत येतो, सगळ्यांसमोर कबूल करतो आणि वस्तीतर्फे लढलेल्या विरोधी वकिलांना खटला पुन्हा उघडायला सांगतो, असे एका दमात बोललो.  

मग ती म्हणाली, "बाबा, सकाळच्या बसनं या. मी स्टॉपवर उभी राहते."

सबब कलम पाचची अंमलबजावणी माझ्या हयातीत, उद्या. बाकीच्या कलमांना घाई नाही.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: १७ मार्च, मंगळवार
सही: लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर
२. शेजारचे शिंपी (चष्मा विसरले होते, मजकूर ऐकून सही केली)