वैशालीच्या घरची हळद आणि डी ड्राइव्ह

१४ मे, बुधवार. शहापूर.

जमलं! उद्या टोकावड्याला, कॉलेजातल्या वैशालीच्या भावाच्या हळदीत डीजे मीच वाजवणार.

दुपारी जुन्या कंप्युटरवरची सगळी गाणी नव्या लॅपटॉपवर आणली, तर डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गाण्यापुढे लाल फुली. फाइल सापडत नाय म्हणे. अरे, समोर तर पडल्यात! डीजेचा मालक बंड्यादादा बोलला, "सगळं उडव, परत भर. नायतर मुरबाडचा पोरगा बोलवतो. कॉलेज सोडून हेच शिकला काय रे?"

डोकं असं फिरलं, लॅपटॉपच आपटणार होतो. उडवलं असतं तर कुठल्या गाण्यात ढोल कुठून उचलायचा, त्या माझ्या सगळ्या खुणा गेल्या असत्या. मग हळदीत वाजवणार काय, कपाळ?

मग दिसलं. जुन्यावर गाणी डी ड्राइव्हमध्ये होती, इथे ई. सॉफ्टवेअर बिचारं जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसलेलं. ड्राइव्हचं अक्षर बदलून डी केलं. एवढंच! फुल्या गायब, ढोलाच्या खुणा जशाच्या तशा. एक साधा डी!

दादाने एक गाणं लावून बघितलं आणि बोलला, "चल, स्पीकर चढव टेम्पोत."

वैशाली नाचली नाय तरी चालेल मला.

छे, खोटं. नाचायलाच पायजे.