आरोहीच्या हाती निरोप

कुरुंदा,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय दत्तप्रसाद,

आधी तक्रार ऐकून घे, आशीर्वाद मागाहून देतो. महाशिवरात्रीला औंढ्याच्या देवळासमोर हात लांबवून तू आपल्या सगळ्यांचा जो फोटो काढलास आणि ‘फॅमिली टाइम’ असं लिहून साऱ्या जगाला दाखवलास, त्यात मी नाही. माझा कोपर आहे. डाव्या कडेला, तुझ्या आईच्या पदराआडून एक काळसर कोपर डोकावतो, तो मी. आमच्या शाळेच्या कारकुनाने मोबाइलवर तो फोटो मोठा करकरून पाहिला आणि म्हणाला, “सर, कोपर मात्र झकास आलाय.” वसमतच्या दोन पिढ्यांकडून विभक्त्या घोटून घेतल्या, आणि अखेर कीर्ती उरली ती एका अवयवापुरती! याची दाद कुठल्या कोर्टात मागावी, ते तुझ्यासारख्या अकोल्याच्या शहरवासी माणसानेच मला सांगावं.

असो. आता आशीर्वाद घे. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे तो दुखतो, पण तिने त्याच्याविषयी बोलणं सोडलं आहे. गावात हळद काढून झाली, शिजवूनही झाली. खळ्यावर पसरली आहे. त्यामुळे सध्या कुरुंद्यातली माणसं, जनावरं आणि माझी धोतरं एकाच रंगाची आहेत. हनुमान जयंतीला तुम्ही याल असं वाटलं होतं. आला नाहीत. पण त्या दिवशी तुम्ही कुठल्याशा धरणावर होतात, हे मला मसाजीच्या मोबाइलवर कळलं. आपली जमीन कसणारा मसाजी, मला माझ्या लेकराच्या बातम्या देतो! “गुरुजी, दत्ताभाऊ लय हिंडून राहिले बरं का औंदा. बायको-लेकराला घेऊन. असा नवरा पाहिजेल,” म्हणून त्याने बायकोकडे पाहिलं, तेव्हा पंचफुलाबाई म्हणाली, “त्यांच्याकडं गाडी हाय. तुमच्याकडं बैल हाय. बैलावर बसून फोटू काढू का आपण?”

खरंच, या वसंतात तुम्ही किती हिंडलात. शिवरात्रीला औंढा, मग रथ पाहायला परत औंढा, धुळवडीला इथे, हळद शिजताना इथे, पाडव्यानंतर शेगाव. पूर्वी वर्षातून दोनदा यायचात, तेव्हा तुझी आई कॅलेंडरवर खुणा करायची; आता खुणा करायला जागा नाही. लोक मला म्हणतात, विश्वंभरराव, तुमचं नशीब. मीही म्हणत होतो. पण नशिबाचा मला संशय येऊ लागला तो याच दिवसांत, आणि कसा, ते आता जरा सविस्तर लिहितो. शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर ठेवून गाडीची किल्ली शोधू नकोस.

शिवरात्रीच्या दिवशीची गोष्ट. तू अंगणात गाडी पुसत होतास, मोहिनी स्वयंपाकघरात तुझ्या आईजवळ भगरीकडे पाहत होती. तिने आरोहीला हाक मारली आणि म्हणाली, “पप्पाला विचार, किती वाजता निघायचंय.” आरोही अंगणात आली, विचारलं, तू म्हणालास, “मम्मीला सांग, तिची तयारी झाली की निघू.” ती परत आत. असं दिवसभर चाललं. पाण्याची बाटली, पायातल्या चपला, दर्शनाची रांग, सगळं आरोहीच्या हाती. तुझ्या आईचे डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी तिने शेजारच्या भागूबाईला ओट्यावर बसवून सांगितलं, “आमची सून बघ माय. एवढी शिकलेली, पण थोरामोठ्यांसमोर नवऱ्याशी एक शबूद बोलत न्हाई. लेकराच्या हाती निरोप. आजकाल राहिलंय का कुठं असं?” भागूबाई म्हणाली, “न्हाई वो पार्वतीबाई, आमच्याकडली तर नवऱ्याला नावानं हाका मारती.” आणि दोघींनी मिळून मोहिनीची दृष्ट काढली.

तुला कदाचित आठवत नसेल, पण आपल्या घरी ही रीतच होती. माझे वडील ओसरीवर बसलेले असले की तुझी आई माझ्याशी सरळ बोलत नसे. तू नुकता चालायला लागला होतास. तुझ्या हाती निरोप यायचा: “दत्ता, तुझ्या बापाला विचार, भाकर थापू का.” तू यायचास, बोटाने भाकरीसारखं काहीतरी दाखवायचास, आणि मी गंभीरपणे तुला म्हणायचो, “सांग तुझ्या मायला, थाप म्हणावं, पण कालच्यासारखी जाड नको.” मग आतून भांडं आपटायचं. त्या आपटण्यात काय असायचं ते माझ्या वडिलांनाही कळायचं, म्हणून ते मिशीत हसून पान लावायचे. आम्ही ज्याला मर्यादा म्हणायचो, तो खरं म्हणजे एक खेळ होता. ओसरीवरून माणसं उठून गेली की आम्ही पोटभर बोलायचो.

म्हणून तुमचं ते चाललेलं पाहून मलाही बरं वाटलं, हे कबूल करतो. मला वाटलं, माझ्या मुलाने मोटार घेतली, काळा चष्मा घेतला, पण आत कुठेतरी कुरुंदा शिल्लक आहे. हळद शिजवायच्या दिवशी शेतात तर मौज झाली. हळदीच्या पिंपाएवढ्या कुकरची वाफ सगळ्या रानात पसरली होती, मोहिनी बाभळीखाली बसली होती, तू ट्रॅक्टरपाशी फोटो काढत होतास आणि मधल्या ढेकळांतून आरोही पळत होती. मसाजीने तिला पोस्टमास्तरीण म्हणायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच तिच्या हाती निरोप द्यायला घेतले. पंचफुलाबाईने मसाजीला सांगून पाठवलं, “टोपी सरळ घाल म्हणावं, म्हातारा दिसून राहिला.” मसाजीने उलट निरोप धाडला, “म्हातारा झालो तिच्यापायीच.” सगळे हसले. आरोहीही हसली. तुम्ही दोघं हसला नाहीत. मला वाटलं, वाफ डोळ्यांत गेली असेल.

मग शेगावची सहल. तू आम्हाला अकोल्याला बोलावलंस, दर्शन घडवलंस, आणि परत सोडायला स्वतः निघालास. वाशिमपर्यंत तुझ्या आईने पुढे बसलेल्या मोहिनीला पाठीमागून चार गोष्टी विचारल्या, चारही गोष्टींना तिने गोड उत्तरं दिली. तू मला रस्ता किती छान झाला ते सांगितलंस. गाडीत सगळे सगळ्यांशी बोलत होते. फक्त पुढच्या दोन सीटच्या मध्ये काहीच जात-येत नव्हतं, आणि जे जायचं ते मागे बसलेल्या आरोहीकडून फिरून जायचं. “आरोही, पप्पाला सांग, एसी कमी कर.” तुझा कान मोहिनीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, दत्ता! थोरामोठ्यांची मर्यादा म्हणून मी तेही पचवलं.

कनेरगाव नाक्याला ढाब्यावर आपण जेवायला थांबलो. तुझी आई बाजेवर टेकली. तू गाडीच्या टायरपाशी उभा होतास. मोहिनी टेबलाशी. मी हात धुवायला पाण्याच्या टाकीमागे गेलो होतो, तिथून दोन्ही बाजू ऐकू येतात, दिसत मात्र नाहीत. मोहिनी आवाज दाबून म्हणाली, “जा, सांग त्यांना, त्यांच्या तोंडाकडं पाहून माझ्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. तिकडंच उभं राहा म्हणावं.” तुझ्या मुलीची पावलं वाजली. मध्येच थांबली. मग तुझ्यापाशी तिचा आवाज आला, “पप्पा, मम्मी म्हणते, तुमी आधी जेवून घ्या.” तू म्हणालास, “तिला म्हणावं, तुझे उपकार नको. तू आलीस तेव्हापासून घशाला कोरडच आहे माझ्या.” पुन्हा पावलं. पुन्हा मध्ये थांबणं. आणि मग, “मम्मी, पप्पाला तहान लागली. ते येऊन राहिलेत.”

मी टाकीमागे उभाच राहिलो. नळ वाहत होता. ढाब्याच्या पोराने ओरडून सांगितलं तेव्हा बंद केला.

शास्त्रात दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. मी दरवर्षी शिकवतो. दिलेलं जसंच्या तसं पोचवणारा कनिष्ठ. मोजकं बोलून काम साधणारा मध्यम. आणि दोन्ही पक्षांचं मन ओळखून, स्वतःच्या बुद्धीने उत्तर रचून कार्य सिद्धीस नेणारा तो श्रेष्ठ, त्याला निसृष्टार्थ म्हणतात. वर्गात मुलं विचारतात, सर, असा दूत खरंच असतो का? मी सांगायचो, राजांकडे असायचे, मोठे अनुभवी अमात्य वगैरे. आता मला माहीत आहे, तो पहिलीत शिकतो, त्याचे पुढचे दोन दात पडले आहेत, आणि त्याच्या फ्रॉकवर ससा आहे.

त्या क्षणी मला शिवरात्रीपासूनच्या सगळ्या सहली उलट्या दिसू लागल्या. तुम्ही हिंडायला बाहेर पडत नव्हता. घरात चार भिंतींत तिघंच उरलात की जे होतं, त्यातून पळत होता. औंढ्याला गर्दी असते, शेतात मसाजी असतो, शेगावला आम्ही. माणसांत असलं की गप्प राहणं सभ्य दिसतं. आणि आम्ही तर त्यावर तुपाची धार सोडली! तुझ्या आईने ज्याची दृष्ट काढली, ते काय होतं, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती भागूबाईला अजून तीच गोष्ट सांगते, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी भर घालते. मला ती ऐकवत नाही. मी उठून खळ्यावर जातो.

तुमचं कशावरून बिनसलं, मी विचारत नाही. चूक तुझी असेल, तिची असेल. मोहिनी वाईट मुलगी नाही, आणि तू माझा मुलगा आहेस म्हणून चांगला आहेस असंही मी धरून चालत नाही. मला रागही आला आहे, तो लपवत नाही. आमच्या घरची रीत तुम्ही भांडण झाकायच्या पडद्यासारखी वापरलीत, आणि तो पडदा धरून उभं राहायला एवढंसं लेकरू लावलंत. निदान तिला बसायला खुर्ची तरी द्यायची होती.

जेवण झाल्यावर आपण निघालो. हिंगोली मागे पडली, दिवस मावळत आला. आरोही आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. डोळे मिटत होते, मान खाली जायची, की ती दचकून ताठ व्हायची आणि स्वतःच्या हाताला चिमटा घ्यायची. तुझी आई म्हणाली, “नीज माय, मांडीवर डोकं ठेव.” ती नाही म्हणाली. मी तिला जवळ ओढलं तर माझ्या कानाशी येऊन अगदी हळू विचारलं, “आबा, मी झोपले तर ह्यांचं कोण बोलंन?” कुरुंद्यापर्यंत तिने डोळे उघडे ठेवले. घरी पोचल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस, पोरीला गाडीत फिरायची किती हौस आहे बघा, अजिबात झोपत नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. परवा मी फोन केला. तुमचा फोन आरोहीच उचलते. मी म्हटलं, शाळा संपली की ये सुट्टीत, महिनाभर राहा, मसाजीच्या शेळीला दोन पिल्लं झाली आहेत. मला वाटलं, उड्या मारेल. ती मोठ्या बाईसारखी म्हणाली, “नको आबा. मला घरी काम असते.” म्हणून हे तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडतो आहे. घरी पाठवलं असतं, तर तिनेच ते तुझ्या हाती आणून दिलं असतं. दत्ता, तुम्ही भांडा. समोरासमोर, भांडी फोडून भांडा, शेजारी गोळा होऊ देत. नाहीच जमलं तर वेगळे व्हा. मी तुझ्या आईला काय सांगायचं ते सांगेन. मला तुमच्या संसाराची तेवढी धास्ती नाही. मला भीती वाटते ती आरोहीची. तुम्ही दोघं अजून एकत्र आहात ते तिच्यामुळेच, असं तिला वाटतं. आणि ज्या दिवशी तुम्ही मोडाल, त्या दिवशी ती म्हणेल की माझ्याकडून काहीतरी सांगायचं राहिलं. तसं तिने म्हणू नये, एवढंच मला हवं आहे, आणि ते माझ्या हातात नाही.

तुझाच,
आबा